कापूस कुठे ठेवायचा?

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की अडाण नदीच्या काठी बोरी अरब लागतं. दारव्हा तालुक्यातलं गाव. शिवारात काळी जमीन, तिच्यात कापूस, तूर, सोयाबीन. या भागातल्या गावांमधून गेल्या दहा-पंधरा वर्षांत कवेलूची घरं उतरली आणि त्याच जागेवर स्लॅबची घरं उभी झाली. कोणाचं घरकुलाच्या पैशातून, कोणाचं पोराच्या नोकरीतून, कोणाचं एखाद्या बऱ्या हंगामातून. वास्तुपूजन होतं, जेवणावळ उठते, मांडववाला मांडव सोडून नेतो. घराचं खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

नव्या घरातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांत लोक काय काय करून घेतात याची यादी काढली तर एक गंमत दिसते. जुन्या घरात जे होतं आणि नव्या नकाशात जे राहून गेलं, तेच एकेक करून परत बांधलं जातं. जुन्या घरात समोर ओसरी होती, बाजूला गुरांचा कोठा, आत धान्याचा ढोला, मागे न्हाणी आणि सरपणाची छपरी. नवा नकाशा तालुक्याच्या गावी काढलेला असतो: हॉल, किचन, दोन बेडरूम, लॅट्रिन-बाथरूम. महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या माणसाला तो पुरतो. शेतकऱ्याचं उत्पन्न मात्र बँकेत यायच्या आधी घरात येतं, आणि त्याला जागा लागते.

दसऱ्याच्या आसपास शेतात सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली की हे पहिल्यांदा ध्यानात येतं. वेचलेला कापूस त्याच दिवशी विकला जात नाही. भाव वाढेल म्हणून थांबावं लागतं, मजुरी भागवण्यापुरता थोडा विकून बाकीचा ठेवावा लागतो. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेवर पुढच्या वर्षी कित्येकांनी उन्हाळ्यापर्यंत घरात गंजी ठेवली आणि भाव खालीच आला. ती गंजी राहिली कुठे? नव्या हॉलमध्ये. टाइल्सच्या फरशीवर, सोफा भिंतीला सरकवून, पंख्याच्या पात्यापर्यंत. टीव्ही बेडरूममध्ये गेला, पाहुण्यांच्या खुर्च्या अंगणात आल्या, आणि ज्या खोलीवर सगळ्यात जास्त खर्च केला ती चार महिने गोदाम झाली.

जागा जाते हा त्रासाचा लहान भाग. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, हे कापूसपट्ट्यातल्या लेकरालाही माहीत आहे. कापसातल्या किड्यांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे कोळी माणसाला चावतात आणि अंगावर लाल पुरळ उठतं. गुलाबी बोंडअळीचं वर्ष असलं की हा ताप अधिक. त्याच खोलीत लहान मूल झोपत असेल तर रात्रभर झोप कोणालाच नाही. दुसरी भीती आगीची. हॉलमध्ये विजेचे बोर्ड खालच्या उंचीवर असतात आणि कापसाचा ढीग नेमका त्यांना टेकतो. म्हणून कापूस घरात ठेवायचाच असेल तर त्या खोलीची वीज मुख्य बोर्डावरून वेगळी बंद करता येईल अशी वायरिंग सुरुवातीलाच करून घ्यावी. एका एमसीबीचा खर्च तो काय! आणि कापूस खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरू नये. पोत्याचे धागे रुईत मिसळले की जिनिंगमध्ये ते निघत नाहीत आणि प्रत घसरते.

यावरचा जो उपाय गावोगाव दिसतो तो साधा आहे. पहिला-दुसरा हंगाम निभावला की बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात टिनाची एक खोली निघते. तिला कोणी शेड म्हणतो, कोणी गोडाऊन. जमिनीपासून हातभर उंच ओटा, उंदरासाठी बारीक जाळी, वरच्या बाजूला हवेची फट. थोडक्यात कोठा आणि ढोला नव्या नावाने परत आले. नकाशातच दहा बाय बाराची अशी खोली बाहेरून दार ठेवून धरली तर पुढचा दुप्पट खर्च वाचतो, पण नकाशा काढणाऱ्याने विचारलं पाहिजे आणि काढून घेणाऱ्याने सांगितलं पाहिजे.

या खोलीला लागून एक लहानसं कपाट भिंतीत ठेवावं, बाहेरच्या अंगाने, कुलपाचं. फवारणीच्या औषधांसाठी. २०१७मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तो घाला शेतात पडला, पण उरलेली बाटली संध्याकाळी घरीच येते. जुन्या घरात ती कोठ्याच्या आढ्याला खोचली जायची. नव्या घरात आढं नाही, म्हणून ती जिन्याखाली येते, बाथरूमच्या खिडकीत येते, आणि एका घरात तर मी ती धान्याच्या कोठीमागे पाहिली आहे. कुलपाचं कपाट हे कोणत्याही रंगकामाच्या आधी करायचं काम आहे.

आता ऊन.

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कवेलूचं छप्पर गळायचं, माकडं कवेलू फोडायची, दर मिरगाच्या आधी छप्पर फेरावं लागायचं, ते सगळं खरं. पण कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची आणि मातीची जाड भिंत दुपार अंगावर घ्यायची. स्लॅबचं तसं नाही. पाच इंच सिमेंट-काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री दहानंतर ते खाली सोडतं. म्हणून नव्या घरात दुपारपेक्षा रात्र वाईट जाते. पंखा लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. टाकीही स्लॅबवरच, त्यामुळे नळाला उन्हाळाभर आंघोळीचं पाणी फुकट, आणि प्यायला थंड पाणी पाहिजे तर माठच.

सगळ्यात स्वस्त इलाज चुन्याचा. फाल्गुनात स्लॅब झाडून, धुऊन, चिकटपणासाठी डिंक किंवा फेविकॉल घातलेल्या चुन्याचे दोन हात मारायचे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो आणि खालच्या खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडतो. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून हे दरवर्षीचं काम. पैसे असतील तर बाजारात छतासाठीचा पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो. त्याहून पक्कं काम चायना मोझेकचं: फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे उतार काढून बसवायचे, गळतीही थांबते. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ साली छतं थंड ठेवण्याचं धोरणच आणलं. पैनगंगेच्या अलीकडे ऊन काही कमी पडत नाही.

पण लोकांनी स्वतः शोधलेला उपाय वेगळा आहे. कोणत्याही रस्त्यावरून जाताना पाहा, स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करून टिनाचं छप्पर टाकलेलं दिसेल. शहरातल्या आर्किटेक्टला ते विद्रूप वाटतं. मला त्यात शहाणपण दिसतं. टिन आणि स्लॅब यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढी मोकळी हवा असते, स्लॅबला ऊन लागत नाही, पावसाचं पाणी साचत नाही. वर ओसरी मिळते ती वेगळीच: कुरडया-पापड-सरगुंड्यांचं वाळवण कडेच्या उन्हात, तुरीची पोती आत सावलीत, आणि उन्हाळ्याच्या रात्री सगळं घर वर झोपायला. वर झोपणं होणारच आहे हे धरून कठडा मात्र आधी बांधावा. पुष्कळ घरांत दाराला पॉलिश होतं, कठडा राहून जातो.

टिनाऐवजी सोलरच्या पाट्या बसवल्या तर सावलीही मिळते आणि वीजही. २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट वीज होते. ऊन या जिल्ह्याला कधी उसनं आणावं लागलं नाही.

ऊन म्हटलं की कूलर आला. आपल्या कोरड्या हवेत त्याच्याइतकं स्वस्त थंडावा देणारं यंत्र नाही. पण तो चालायला दोन गोष्टी लागतात: हवा आत यायला खिडकी आणि हवा बाहेर जायला दुसरी. नव्या फॅशनच्या सरकत्या काचेच्या खिडकीत कूलर बसत नाही. मग काच काढून पुठ्ठा, पुठ्ठ्याभोवती चिंधी, असा संसार सुरू होतो. बांधकाम चालू असताना एका घरी ऐकलेला संवाद:

“काकू, खिडकीले पुरी ग्रिल लावून देऊ का? एकदम मजबूत राह्यते.”

“अन् कूलर कुठी ठेवू रे बाप्पा, डोक्शावर?”

त्या बाईंनी ग्रिलचा खालचा भाग बिजागरीवर उघडणारा करून घेतला, बाहेर कूलरसाठी लोखंडी घोडी आणि घोडीजवळ पाण्याचा नळ. सगळ्या घरातली सगळ्यात हुशारीची दुरुस्ती तीच, आणि तीही भिंत उभी व्हायच्या आधी झालेली.

जुन्या पद्धतीकडे सरसकट परत जा असं माझं म्हणणं नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गांधीजी शेगावला राहायला आले. त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या बापूकुटीत आजही पाहता येतं: मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कवेलूचं छप्पर, भिंतीवर ऊन पडू न देणारी पडवी. पण ते सारवायला, लिंपायला, दरवर्षी छप्पर फेरायला माणसं लागतात. ते काम घरोघरी बाईच्या वाट्याला येत होतं आणि ते सुटलं याचं तिला दुःख नाही. घ्यायची असेल तर पडवी घ्यावी. पश्चिमेच्या भिंतीला सहा फुटांचं टिन किंवा कवेलूचं पडाळ जोडलं तर संध्याकाळचं ऊन भिंतीला लागत नाही.

जागेची अडचण आणि ऊन यांच्यानंतरचा तिसरा शत्रू पायाखाली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा घराखालीही पडतात. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि घरधनी मिस्त्रीला शिव्या देतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असणाऱ्या खांबांचा पाया विकसित केला, साडेतीन मीटरच्या आसपास खोल, जिथली माती ऋतूप्रमाणे हलत नाही. लहान घराला एवढं परवडत नाही. तिथे मुरूम लागेपर्यंत खोदणं, काळी माती काढून मुरूम भरून ठोकणं आणि जोत्यावर सळाखीचा पट्टा फिरवणं, एवढं तरी झालं पाहिजे.

घर बांधून झालं असेल तर? घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उताराची फरशी करा, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. छताचं पाणी पाइपाने लांब सोडा. भिंतीला लागून कडुनिंब लावू नका, तो जमिनीतला ओलावा ओढतो. आणि भेग दिसली की लगेच बुजवू नका. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली तर भेग अजून चालू आहे, तिथे नुसतं सिमेंट भरणं म्हणजे पैसे वाया. काच शाबूत राहिली तर भरा आणि रंगवा.

हीच माती संडासालाही नडते. दोन शोषखड्ड्यांचा संडास गावासाठी उत्तम: एक भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. पण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तिथे खड्ड्याच्या बांधकामाभोवती फूटभर रेती-गिट्टीचा थर भरावा लागतो. तो चुकवला की पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि नव्या घराचा नवा संडास बंद होऊन आत सरपण भरलं जातं.

हे सगळं सांगणं सोपं आहे, पैशाचं गणित कठीण. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातल्या घरकुलाला एक लाख वीस हजार ठरले. शिवाय संडासाला बारा हजार, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, आणि राज्याकडून पाच ब्रास रेती. घर कमीत कमी पंचवीस चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. रमाई, शबरी अशा राज्याच्या योजनाही आहेत. एवढ्या जागेत कापूस ठेवा, भाद्रपदात महालक्ष्म्या बसवा आणि त्यांच्यापुढे पंगत बसवा, असं कोणी म्हटलं तर होणार नाही. म्हणून घरकुलासमोर टिनाचा मांडव कायमचा होतो. पंगत तिथे, पाहुणा तिथे, कापूस तोलणंही तिथेच.

हप्ते मिळतात तसं काम पुढे सरकतं, आणि घाईत पाणी मारणं राहतं. स्लॅबवर वाफे करून दोन आठवडे पाणी साचवून ठेवणं याला पैसे लागत नाहीत, फक्त कोणीतरी सकाळ-संध्याकाळ वर चढलं पाहिजे. मे महिन्यात स्लॅब टाकू नये हे त्यासाठीच. विहीर आटलेली असताना टाकलेला स्लॅब पुढे जन्मभर गळतो. वरच्या मजल्याच्या आशेने सोडलेल्या कॉलमच्या सळाखींचंही तसंच. पोरगा पुण्यात स्थिरावला, वरचा मजला होत नाही, आणि त्या सळाखींच्या गंजाबरोबर पाणी खाली कॉलममध्ये उतरतं. सिमेंटचा घोळ लावून त्यांच्याभोवती कच्च्या काँक्रीटचा ठोकळा करून ठेवावा. मजला झालाच तर फोडता येतो.

एक काम मिस्त्रीचं नाही, ग्रामपंचायतीचं आहे. आवास योजनेत घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं, पण स्वखर्चाने बांधलेल्या घराची नमुना आठला नोंद बहुतेक एकट्या पुरुषाच्या नावे असते. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याच्या सूचना राज्य सरकारने ‘घर दोघांचे’ म्हणून २००३ सालीच दिल्या आहेत. नव्या बांधकामाची नोंद करायला जावंच लागतं. त्याच खेपेला अर्जावर दुसरं नाव लिहावं. कूलरची घोडी कुठे बसवायची हे जिला आधी सुचलं, तिचं.