विश्लेषण : भावना उसळतात, पण ओसरत का नाहीत? ‘बीपीडी’ असलेल्यांच्या मेंदूत नेमके काय घडते?

मैत्रिणीला मेसेज पाठवला, निळ्या टिक दिसल्या, पण तासभर उत्तर नाही. बहुतेकांना थोडी चुटपुट लागते आणि ते कामाला लागतात. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजेच ‘बीपीडी’ असलेल्या व्यक्तीला मात्र ‘ती मला सोडून गेली’ या भीतीने दिवसभर काही सुचेनासे होऊ शकते. घरचे याला नाटक किंवा तापट स्वभाव म्हणतात. मेंदूच्या अभ्यासातून मात्र वेगळे चित्र समोर येते.

बीपीडी म्हणजे काय?

भावनांवरील ताबा सुटणे, कोणी सोडून जाईल ही सततची भीती, टोकाची नाती, अस्थिर स्वप्रतिमा, रिकामेपणा आणि स्वतःला इजा करून घेणे ही याची प्रमुख लक्षणे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम’ या नियमावलीत १९८० मध्ये या विकाराचा समावेश झाला. सध्याच्या नियमावलीनुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे दिसली तर निदान होते. बायपोलर विकारात मनःस्थितीचे टप्पे अनेक दिवस किंवा आठवडे टिकतात. बीपीडीत काही तासांतही मूड पालटतो.

मेंदूत काय दिसते?

अमिग्डला हा मेंदूतील बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची सूचना देतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्या प्रतिक्रियेला आवर घालतो. एक ॲक्सिलरेटर, तर दुसरा ब्रेक म्हणता येईल. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये बीपीडी असलेल्या १५ आणि निरोगी १५ जणांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून एफएमआरआय स्कॅन केले. बीपीडी गटात डाव्या अमिग्डलाचा प्रतिसाद अधिक तीव्र होता. काहींना तर निर्विकार चेहरेही धमकावणारे वाटले. इतर अभ्यासांत ब्रेकचे काम करणारा भाग अशा वेळी कमी सक्रिय आढळला आहे.

भावना लवकर का ओसरत नाहीत?

तेच चित्र पुन्हा दिसले की मेंदूला त्याची सवय होते आणि त्याचा परिणाम कमी होतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये भावनिक चित्रे पुन्हा दाखवली, तेव्हा बीपीडी असलेल्यांच्या अमिग्डलाचा प्रतिसाद अधिक तीव्र राहिला. तो मूळ पातळीवर यायलाही जास्त वेळ लागला. म्हणजे अडचण फक्त भडका उडण्याची नाही, तो विझायला लागणाऱ्या वेळेचीही आहे. ‘झालं गेलं, सोडून दे’ हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो तो यामुळेच.

मग स्कॅन करून निदान होते का?

नाही. एफएमआरआय मेंदूतील रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपते, भावना थेट मोजत नाही. हे निष्कर्ष छोट्या गटांच्या सरासरीवर आधारलेले आहेत आणि सगळ्या अभ्यासांचे निकाल सारखे नाहीत. निदान मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर मुलाखतीतूनच करतात. आनुवंशिकता आणि बालपणीचे आघात या दोन्हींचा विकाराशी संबंध आढळतो.

उपचारांनी फरक पडतो का?

पडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत म्हणजेच ‘डीबीटी’त भावनांचा वेग सांभाळण्याची कौशल्ये शिकवली जातात. तरुणपणी आपणही अशाच यातनांतून गेल्याचे लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. २०१४ मधील एका छोट्या अभ्यासात वर्षभराच्या डीबीटीनंतर रुग्णांच्या अमिग्डलाची अतिसक्रियता कमी झालेली दिसली. अमेरिकेतील मॅक्लिन रुग्णालयाच्या दीर्घकालीन अभ्यासात दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षांसाठी निकषांच्या खाली आली. नोकरी आणि नाती यांची घडी बसायला मात्र अधिक काळ लागतो.

जवळच्यांनी काय करावे?

भडका उडालेला असताना वाद घालू नये. ‘तुला त्रास होतोय, हे कळतंय,’ एवढे म्हणावे. बाकीचे बोलणे शांत झाल्यावर. या विकारात आत्महत्येचा धोका जास्त असल्याने तसे बोलणे कधीही ‘धमकी’ म्हणून उडवून लावू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते.