हाकेच्या अंतरावरचा एसटीडी

आगरदांड्याच्या धक्क्यावर मुंबईहून गणपतीला आलेला मुलगा उभा आहे. ‘जेवायला ये’ म्हणून आई घरच्या फोनवरून त्याच्या नव्या मोबाइलला फोन लावते. अंतर हाकेचे, पण २००४ साली हा कॉल एसटीडी ठरे! नंबराआधी शून्यही लावावे लागे.

असे का? घरच्या फोनचा नंबर गावाला बांधलेला असतो. मोबाइलचा, तो ज्या परिमंडळात घेतला त्याला. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे एक परिमंडळ. मुरूड तालुक्यासह उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरे. मुलगा कुठे उभा आहे, हे आईचे बिल पाहत नसे. नंबर मुंबईचा, म्हणून आईला लांबचा दर आणि मुलाला रोमिंगचा भुर्दंड. मग घरोघरी ‘मिस्ड कॉल’ची युक्ती आली.

२००५ साली मुंबई-महाराष्ट्र कॉल राज्यांतर्गत धरले जाऊ लागले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलने देशभर मिनिटाला एक रुपयाची योजना आणली. आता आई घड्याळाकडे न बघता बोलते. जेवायला बोलवायचे पैसे पडत, हे नातवंडांना खरेच वाटत नाही.