विमानाला कात्रजचा घाट दाखवता येत नाही!

रात्री साडेनऊनंतर कात्रज चौकात दहा मिनिटं उभे राहून बघा. कोल्हापूरच्या, बेंगळुरूच्या ट्रॅव्हल्स एकामागोमाग येऊन थांबतात आणि पाठीवर सॅक घेतलेली पोरं ड्रायव्हरला फोन लावत असतात. ‘दादा, बुकिंग स्वारगेटचं आहे, पण मी कात्रजलाच चढतो. पाच मिनिटं थांबा ना!’ दादा आधी ओरडतो, मग थांबतो. तुम्ही केलंय, मीही केलंय.

म्हणूनच मार्चमधल्या त्या रात्री बाबांनी जे सुचवलं, ते मला वेडगळ वगैरे अजिबात वाटलं नाही. उलट वाटलं, भारी आयडिया आहे.

प्रकरण आजीचं. वय 73, दोन्ही गुडघे बदललेले. काका टोरंटोला, आत्या न्यू जर्सीत. दोघांनी पैसे घालून तिचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं, कारण इतके तास पाय मुडपून बसणं तिला शक्यच नव्हतं. आजीची प्रतिक्रिया: ‘झोपायला एवढे पैसे? घरी फुकट झोपते की मी.’ प्रवास असा: पुणे-दिल्ली-लंडन-टोरंटो, मग काही आठवड्यांनी टोरंटो-नेवार्क, आणि शेवटी नेवार्क-लंडन-दिल्ली-पुणे. सात विमानं, पण बुकिंग एकच.

इथे कुणीतरी विचारणार, बिझनेस क्लासचा आमच्याशी काय संबंध? आम्ही तर एमएसला जाताना सगळ्यात स्वस्त तिकीट शोधणार. खरंय. पण खुर्ची आडवी होते की नाही एवढं सोडलं, तर खाली सांगतेय ते जवळपास सगळं तुमच्या स्वस्त तिकिटालाही लागू आहे. आणि स्वस्त तिकिटात चूक सावरायला जागा आणखी कमी असते.

पुणेकरांना कनेक्शन सुटत नाही, याला कारण आपला विमानतळ. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि लांबी आहे 2,535 मीटर. इंधनाने भरलेलं मोठं विमान इथून थेट लंडन-न्यूयॉर्कला झेपावणं अवघड. 2008 मध्ये लुफ्थान्साने छोट्या विमानाने पुणे-फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली होती, ती आता इतिहासजमा झाली. 2024 च्या जुलैमध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, छान आहे, पण टर्मिनल मोठं झाल्याने धावपट्टी लांब होत नाही. त्यामुळे युरोप-अमेरिकेला जाणारा पुणेकर कुठेतरी विमान बदलणारच.

तर मार्चमध्ये एका संध्याकाळी कंपनीचा मेल आला. संपर्कासाठी माझा मेल दिलेला होता, कारण घरात ‘मास कॉमवाली’ मी. मी तेव्हा स्वारगेटहून घरी येणाऱ्या बसमध्ये उभी. मेलमध्ये लिहिलं होतं की तुमच्या प्रवासाच्या वेळेत थोडा बदल झाला आहे, आणि खाली मोठं हिरवं बटण: ‘मान्य आहे’. बालाजीनगरच्या आसपास बसला गचका बसला, एका हाताने दांडा धरून मी दुसऱ्या हाताने बटण दाबलं. नोटिफिकेशन गेलं, डोक्यातूनही गेलं.

रात्री जेवताना आजीला नवीन वेळा वाचून दाखवल्या. दिल्लीहून विमान आता दोन तास उशिरा निघणार होतं, त्यामुळे लंडनमध्ये जिथे आधी तीन तास वीस मिनिटं होती तिथे आता उरले एक तास वीस मिनिटं. त्यातही टर्मिनल बदलायचं. आजीने शांतपणे विचारलं, ‘तेवढ्यात खुर्चीवाला येईल का गं?’

माझा घास हातातच राहिला.

असे बदल होतात कशामुळे? जगभरातल्या विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. युरोपातली घड्याळंही त्याच दोन दिवशी पुढे-मागे होतात. जानेवारीत एप्रिलचं तिकीट काढलं की मधे हा रविवार येतो. त्यात बाकीची भर. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचा मार्ग लांबला आणि एअर इंडियाच्या काही अमेरिकी फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरावं लागलं. आपण मात्र जानेवारीत छापलेला कागद घेऊन निवांत असतो.

आता बाबांची आयडिया. ‘अरे, पुणे-दिल्ली आणि दिल्ली-लंडन सोडूनच देऊ. आईला गाडीने मुंबईला नेतो, मुंबई-लंडन वेगळं तिकीट काढू. लंडन-टोरंटो तर आपल्याकडे आहेच.’ म्हणजे तेच, बुकिंग स्वारगेटचं पण चढणार कात्रजला. मी मोबाइलवर मुंबई-लंडनचे दर बघायलाही लागले होते. नशीब एवढंच की पैसे भरायच्या आधी बाबा म्हणाले, उद्या चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्या काकांना एकदा विचारू.

या काकांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाला लागून दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. बाबांचं ऐकून ते हसले. ‘साहेब, शाहिस्तेखानाला कात्रजचा घाट दाखवला तो महाराजांनी. विमान कंपनीला नाही दाखवता येत.’ (लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना या घाटाकडे पळवलं, अशी ती गोष्ट. वाक्प्रचार तिथूनच आला असं सांगतात. कात्रजकरांना तो दिवसातून एकदा तरी ऐकावा लागतो.)

मग त्यांनी समजावलं. सात विमानांच्या तिकिटात सात कुपनं असतात. एका तिकीट क्रमांकात चारच कुपनं मावतात, म्हणून आजीच्या तिकिटाला पाठोपाठचे दोन क्रमांक. ही कुपनं क्रमानेच वापरायची. पहिल्या विमानात तुम्ही न सांगता बसला नाहीत की सिस्टीम तुम्हाला ‘नो-शो’ ठरवते आणि पुढची सगळी कुपनं रद्द होऊ शकतात. बाबांच्या प्लॅनप्रमाणे आजी लंडनला पोचली असती आणि तिथल्या काउंटरवर कळलं असतं की टोरंटोचं तिकीट गेलं, नेवार्कचं गेलं, परत पुण्याला यायचंही गेलं.

मला हे अन्यायाचं वाटलं. पैसे भरलेत ना सगळ्यांचे? काकांचं उत्तर असं, की भाडं सात विमानांच्या वेगवेगळ्या दरांची बेरीज नसतं. पुण्याहून टोरंटोला जायचे किती, असा तो हिशोब असतो. कधीकधी मुंबई-लंडन एवढंच तिकीट पुणे-दिल्ली-लंडन-टोरंटोपेक्षा महाग पडतं. लोकांनी लांबचं स्वस्त तिकीट काढून हवा तो तुकडा वापरू नये, म्हणून हा नियम. मला तो अजूनही पटलेला नाही. पण तो आहे, आणि तिकीट काढताना आपणच त्याला टिक केलेली असते.

‘मग आता काय करायचं?’

‘बदल साखळीतच करून घ्यायचा. कंपनीनेच वेळ बदलली आहे, त्यामुळे त्याच क्लासमध्ये दुसरं विमान फुकट मागता येतं. अजून काही मान्य केलं नाही ना तुम्ही?’

मी खुर्चीत जेवढी लहान होता येईल तेवढी लहान झाले.

हिरवं बटण दाबलं म्हणजे कंपनीचा बदल तुम्ही स्वीकारला. त्यानंतर जे मागाल तो तुमच्या मर्जीचा बदल, आणि त्याला तुमच्या तिकिटाचे नियम लागतात. कस्टमर केअरवर तासभर संगीत ऐकल्यावर आम्हाला नेमकं हेच ऐकवण्यात आलं. मी वादही घातला: एक तास वीस मिनिटांत चाकाच्या खुर्चीवरची बाई टर्मिनल कसं बदलेल? पलीकडची ताई म्हणाली, सिस्टीमप्रमाणे हे कनेक्शन वैध आहे. ती खोटं बोलत नव्हती. प्रत्येक विमानतळासाठी विमान बदलायला लागणारा किमान वेळ ठरवलेला असतो आणि त्याच्या वरचं सगळं ‘वैध’. हा वेळ धडधाकट माणसाला धरून काढलेला, असं माझं मत आजीकडे बघून झालंय.

पर्याय दोन निघाले. पहिला, फ्रँकफर्टमार्गे. पण मार्ग बदलला की कागदपत्रं बदलतात, हे काकांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं, आणि हे तुम्ही मात्र लिहूनच ठेवा. लंडनला विमानतळाबाहेर पाऊलही टाकायचं नसलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याला सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो. आजीकडे कॅनडा आणि अमेरिकेचे चालू व्हिसा होते, म्हणून तिला सूट होती. युरोपात आणखी एक गंमत. म्युनिकला उतरून फ्रँकफर्टला जायचं आणि तिथून पुढे, असं दोन शेंगेन विमानतळांचं कनेक्शन मिळालं, तर तो शेंगेनमध्ये प्रवेशच झाला. त्याला शेंगेन व्हिसा हवा. अ‍ॅपवर हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी, सारख्याच रंगात दिसतात. व्हिसा आहे का, हे अ‍ॅप विचारत नाही. लोहगावच्या काउंटरवरचा माणूस विचारतो.

दुसरा पर्याय, लंडनहून दुपारचं टोरंटो विमान. म्हणजे मधे पाच तास, पण लाउंजमध्ये पाय पसरून. आजीसाठी हाच. अडचण अशी की ‘बिझनेस क्लास’ ही एकच गोष्ट नसते. त्याच आडव्या होणाऱ्या खुर्चीची पाच-सहा वेगवेगळी भाडी असतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. बहुतेक कंपन्यांत ‘जे’ म्हणजे पूर्ण भाडं, बाकीची सवलतीची. आजीचं अक्षर होतं ‘झेड’. दुपारच्या विमानात जागा होत्या, पण ‘झेड’मध्ये नव्हत्या. जाहिरातीत ‘चेंज फी शून्य’ लिहिलेलं असतं ते खरंच असतं, पण भाड्यातला फरक हा वेगळा आकडा आणि तो भरावाच लागतो. काकाने टोरंटोहून भरला, एक शब्द न बोलता. बोलला असता तर बरं झालं असतं. माझ्या इंटर्नशिपच्या मानधनाचे किती महिने होतात ते मी काढायला घेतलं आणि कॅल्क्युलेटर बंद केला.

पैसे भरले, नवीन वेळा मोबाइलवर आल्या, मला वाटलं संपलं. ट्रॅव्हल्सवाले काका म्हणाले, थांब. पीएनआरवर नवं विमान ‘कन्फर्म’ दिसणं आणि तिकीट त्याप्रमाणे पुन्हा निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा राखली जाते, तिकीट जुन्याच विमानाचं राहतं आणि माणूस काउंटरवर अडकतो. आमचं नवं तिकीट यायला दोन दिवस लागले, तेही काकांनी रोज फोन केल्यावर. तिकिटाचा तेरा अंकी क्रमांक बदललाय का, ते मी रोज बघत होते.

आणि मग कळलं की नव्या विमानावर व्हीलचेअरची विनंती नाही. जेवणही नाही. विमान बदललं की या विनंत्या मागेच राहू शकतात, पुन्हा टाकाव्या लागतात. व्हीलचेअरचेही प्रकार असतात हे मला माहीतच नव्हतं: पायऱ्या चढू शकतो पण लांब चालवत नाही त्याला एक कोड, पायऱ्या चढवत नाहीत त्याला दुसरा, थेट सीटपर्यंत न्यावं लागतं त्याला तिसरा. आजीला दुसरा. जेवणात ‘हिंदू मील’ निवडू नका, त्यात मांस असू शकतं. शाकाहाराला ‘एशियन व्हेजिटेरियन’ म्हणायचं. उपवासाला मात्र अजून कोड निघालेला नाही. आजीने राजगिऱ्याचे लाडू नेले.

एवढं सगळं करण्यापेक्षा वेगवेगळी तिकिटं काढलेली बरी, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण 2025 च्या डिसेंबरचा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि रोस्टर जुळेना, म्हणून इंडिगोची उड्डाणं देशभर रद्द झाली, पुण्यातही लोक विमानतळावर ताटकळले. अशा वेळी एकाच बुकिंगवर पुढचं विमान असेल तर तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीवर येतं. वेगळं तिकीट असेल, तर पुढच्या कंपनीसाठी तुम्ही फक्त नो-शो. युरोपातून निघताना तर एकच बुकिंग आणखी कामाचं: कंपनीच्या चुकीने कनेक्शन चुकून शेवटच्या मुक्कामी तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर 3,500 किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला 600 युरोपर्यंत भरपाई मागता येते. उशीर शेवटच्या ठिकाणी मोजायचा, हे युरोपच्या न्यायालयाने 2013 मध्येच सांगून ठेवलंय. जर्मनीला शिकायला गेलेल्या मित्र-मैत्रिणींना जरूर कळवा.

आजी एप्रिलमध्ये गेली. आम्ही घरातून पाच तास आधी निघालो, कारण आमचं पहिलं कनेक्शन कात्रज ते लोहगाव, आणि त्याचा किमान वेळ कुणीच ठरवलेला नाही. लंडनहून तिचा व्हॉइस मेसेज आला: खुर्चीवाला आला होता, पंजाबी होता, फार चांगला मुलगा होता, आणि इथल्या चहात काही दम नाही.

परवा पुन्हा मेल आलाय. परतीचं नेवार्क-लंडन विमान आता उशिरा निघणार आहे. दिल्लीला तर तिला बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर पडून पुण्याच्या विमानात पुन्हा टाकायच्या आहेत, तिथेही वेळ लागणार. खाली तेच हिरवं बटण. मी मेल उघडा ठेवलाय, बटणाला हात लावलेला नाही. संध्याकाळी साडेसातला काका ऑफिसात असतात, तिकडे निघालेय.