क्लच वायरचा की तेलाचा?

बाईक घेताना आपण सीसी बघतो, मायलेज बघतो, लूक तर बघतोच. पण ट्रॅफिकमध्ये ज्याच्यामुळे डावा हात भरून येतो, त्या क्लचबद्दल शोरूममध्ये कोण विचारतं?

प्रकार दोनच. एक केबलचा, म्हणजे आपली 'क्लच वायर'. लिव्हर दाबला की तार ओढली जाते आणि प्लेट्स सुटतात. दुसरा हायड्रॉलिक. यात तारेचं काम तेल करतं, डिस्क ब्रेकसारखं. सुझुकीच्या हायाबुसाला तो आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला मात्र केबलच!

हायड्रॉलिकची मजा म्हणजे प्लेट्स झिजल्या तरी तो आपोआप जुळवून घेतो. वायरचं तसं नाही. तिच्यात धूळ शिरते, ती घासते, जड होते. मग हायड्रॉलिकच बेस्ट? थांबा राव!

आमच्याकडचा हिशोब

यवतमाळहून करंजी, मारेगाव करत वणीला चला. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर, वणीकडे कोळशाची काळी धूळ. इथे प्रश्न फीलचा नाही, घरी पोचण्याचा आहे. वायर तुटली, तर रस्त्याकडेचा मिस्त्री एका पान्यावर नवी टाकून देतो. हायड्रॉलिकचं सील गेलं, तर नेमकं तेच सील हवं, योग्य तेल हवं आणि लाईनमधली हवा काढणारा जाणकार हातही हवा.

शिवाय क्लच हलका की जड, हे स्प्रिंग आणि लिव्हरच्या रचनेवरही ठरतं. 'असिस्ट' क्लच असेल तर केबलवालाही मस्त हलका लागतो.

एवढं कराच

- वायरच्या लिव्हरला थोडी ढील हवीच. ती संपली की क्लच स्लिप होतो, प्लेट्स जळतात.
- वायरचा एक जरी धागा सुटलेला दिसला, तरी ती बदला.
- हायड्रॉलिकमध्ये ब्रेक ऑईल असेल, तर ते हवेतला ओलावा शोषतं. साधारण दोन वर्षांनी बदला. झाकणावर लिहिलंय तेच तेल टाका, मिक्सिंग नको.

माझं मत विचाराल, तर पुण्या-नागपुरात सर्व्हिस सेंटर जवळ असताना हायड्रॉलिक बिनधास्त घ्या. पण सुट्टीला गाडी गावाकडे वळत असेल, तर केबलच बरी. सीटखाली एक जास्तीची वायर ठेवा आणि टेन्शन न घेता निघा!