दुभंगल्या टाळूचे दत्तक मूल

दत्तक हा शब्द मराठी घरांना परका नाही. ग्वाल्हेरीस १८४३ साली जयाजीराव शिंदे आणि बडोद्यास १८७५ साली सयाजीराव गायकवाड दत्तक म्हणूनच गादीवर आले. त्या काळी गादीला, घराण्याला आणि श्राद्धपक्षाला वारस हवा असे. साहजिकच मुलगा हवा, तो शक्यतो भाऊबंदांतला हवा आणि अंगाने धडधाकट हवा, ह्या तीन गोष्टी मनाशी धरूनच शोध चाले. आज दत्तकाचा हेतू पुष्कळ अंशी उलटला आहे. घराला मूल हवे, यापेक्षा मुलाला घर हवे, ही दृष्टी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात स्पष्ट दिसते. त्यामुळे पूर्वी ज्यांचा कोणी विचारही केला नसता अशी बालके आज घरोघर येऊ लागली आहेत. कोणाच्या हृदयाला छिद्र असते, कोणाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते, कोणाला ऐकू येत नाही. कायदा त्यांना 'विशेष गरजा असलेली बालके' म्हणतो.

अशा सगळ्याच मुलांविषयी एका भाषणात बोलू गेल्यास कोणाच्याच पदरी काही पडणार नाही. म्हणून मी एकच उदाहरण घेतो. समजा, नऊ-दहा महिन्यांची एक मुलगी आहे. तिचा वरचा ओठ फाटलेला होता, तो शिवून झाला आहे; टाळू मात्र अजून दुभंगलेलीच आहे. आपण बाळाच्या डोक्यावर तेल घालतो ती टाळू येथे अभिप्रेत नाही. तोंडाचे छत, म्हणजे जिभेच्या वरची टाळू, एवढाच येथे अर्थ घ्यावा. जगात साधारणपणे दर ७०० जन्मांमागे एका बालकात ओठाचे वा टाळूचे असे व्यंग आढळते. ते बरे होण्याजोगे आहे. पण एका शस्त्रक्रियेने संपणारे नाही. आणि हे व्यंग नेमके मुखाशी आहे. मूल जेथे दूध पिते, हसते, पहिला शब्द उच्चारते, तेथेच डॉक्टरांची हत्यारेही पोचतात. नव्या आईबापांचा सगळा पेच ह्या एका गोष्टीत सामावला आहे. ज्या मुलीचे आईबाप व्हावयाचे, तिचे परिचारक त्यांना आधी व्हावे लागते.

सुरुवात होकार देण्यापूर्वीच व्हावयास हवी. मुलाचा वैद्यकीय तपासणीचा अहवाल भावी पालकांना पाहावयास मिळतो, आणि तो आपल्या पसंतीच्या डॉक्टराकडून तपासून घेण्याची मोकळीक नियमांनी दिलेली आहे. तिचा उपयोग अवश्य करावा. दुभंगल्या टाळूबरोबर कधीकधी हृदयाचे दोष असतात. म्हणून हृदयाची सोनोग्राफी झाली आहे काय, कानांची परीक्षा झाली आहे काय, महिन्यागणिक वजनाची नोंद आहे काय, हे नेमके विचारावे. असे खोदून विचारणे म्हणजे बाजारात वस्तू पारखण्यासारखे आहे, असे वाटून सुसंस्कृत माणसे संकोचतात. तो संकोच चुकीच्या जागी आहे. घरी नेलेले मूल पुन्हा संस्थेत पोचविल्याची उदाहरणे घडतात, आणि एकदा टाकलेल्या मुलाला दुसऱ्यांदा टाकण्याएवढी निर्दय गोष्ट नाही. 'हे आम्हांला झेपणार नाही' असे होकारापूर्वी म्हणणे, हे नंतर म्हणण्यापेक्षा शतपटीने दयेचे आहे.

मूल घेण्यास संस्थेत जाल तेव्हा कागदांपेक्षाही महत्त्वाची व्यक्ती म्हणजे तिला रोज सांभाळणारी आया. दूध कसे पाजता, किती वेळाने पाजता, निजताना कोणता शब्द, कोणते गाणे असते, कोणत्या कुशीवर निजते, हे तिला विचारून लिहून घ्यावे. तिच्या अंथरुणातील एखादे पटकूर मागून आणावे आणि काही दिवस ते धुऊ नये. त्याला तिच्या ओळखीचा वास असतो. दुधाचा डबाही पहिल्या आठवड्यात बदलू नये.

आता दूध पाजण्याविषयी. टाळू दुभंगलेली असली म्हणजे तोंडात पोकळी धरता येत नाही आणि मुलाला चोखता येत नाही. ते तोंड हलविते, दमते, पण पोटात थोडेच जाते. ह्या मुलांसाठी दाबल्यावर दूध सोडणाऱ्या मऊ बाटल्या मिळतात. त्या न मिळाल्यास आपले जुने बोंडले किंवा वाटी-चमचा उत्तम. मुलाला आडवे न धरता जवळजवळ बसते धरावे, थोडेथोडे घालावे, मध्ये दोनतीनदा खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. नाकातून दूध आले तर घाबरू नये. थांबावे, पुसावे, पुन्हा सुरू करावे. श्वास अडकत असेल, ओठ निळसर होत असतील, तर मात्र तत्काळ डॉक्टरांकडे जावे. एका वेळचे पाजणे अर्ध्या तासापेक्षा फार लांबवू नये. त्यापुढे मूल जेवढे पिते त्याहून अधिक शक्ती पिण्यातच खर्च करते. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करावे.

पहिले काही आठवडे हे पाजण्याचे काम आईने वा वडिलांनीच करावे, आजीने नाही, मावशीने नाही, शेजारणीने तर नाहीच. हे सांगितले म्हणजे घरातील वडील मंडळी दुखावतात, हे मला ठाऊक आहे. परंतु संस्थेतील मुलाने पाळीपाळीने येणारे अनेक हात पाहिलेले असतात. भूक लागली की तेच एक तोंड जवळ येते, तोच आवाज ऐकू येतो, हे त्याला शेकडो वेळा अनुभवास यावे लागते. तेव्हा ते कोणाला तरी आपले मानू लागते. बारशाचा थाट महिना-दोन महिने लांबला म्हणून काही बिघडत नाही.

घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात बालरोगतज्ज्ञाकडून संपूर्ण तपासणी नव्याने करून घ्यावी. जुने कागद खरे असले तरी ते अपुरे असतात. टाकून दिलेल्या मुलाची जन्मतारीखही पुष्कळदा अंदाजाने ठरविलेली असते, तेव्हा वाढीच्या तक्त्यावर ते महिनाभर मागे दिसले तर लगेच हाय खाऊ नये. रक्तात लोह किती, काविळीच्या 'ब' विषाणूची चाचणी काय सांगते, लसी कोणत्या झाल्या, हे पाहावे. लसीची लेखी नोंद नसेल तर ती झालीच नाही असे धरून डॉक्टर पुन्हा टोचतात. त्याने सहसा अपाय होत नाही. एचआयव्हीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १८ महिन्यांच्या आतील बालकाच्या रक्तात जन्मदात्या आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असू शकतात. त्यामुळे त्या वयात प्रतिद्रव्यांची चाचणी होकारार्थी आली तरी मुलाला संसर्ग झालाच आहे असे ठरत नाही. त्यासाठी विषाणूचाच शोध घेणारी वेगळी चाचणी आहे. एवढे माहीत नसल्यामुळे एखादे निरोगी मूल घराला मुकू शकते.

यानंतरचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या वेळेचा, आणि तो खरोखरच अवघड आहे. ओठासाठी शल्यविशारदांत 'दहाचा नियम' प्रसिद्ध आहे: वय १० आठवडे, वजन १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १० ग्रॅम. टाळूची शस्त्रक्रिया सामान्यतः ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात, कारण याच सुमारास मूल बोलू लागते आणि दुभंगल्या टाळूने बोलण्याची एकदा सवय लागली की ती मोडणे जड जाते. आपली मुलगी दहा महिन्यांची आहे. म्हणजे वेळ आली आहे. पण ती कालच घरी आली आहे! ज्या हातांची तिला ओळख नाही, तेच हात तिला शस्त्रक्रियेच्या मेजावर देणार. तातडीचे हृदयाचे दुखणे वगैरे नसेल, तर शल्यविशारदांना सरळ विचारावे, 'चार-सहा आठवडे थांबता येईल काय?' टाळूच्या बाबतीत ते बहुधा होय म्हणतात. तेवढ्या अवधीत वजन भरते, रक्त सुधारते आणि मुख्य म्हणजे मुलगी तुम्हांला ओळखू लागते. मात्र आठवड्यांची वर्षे होऊ देऊ नयेत. मुहूर्त पाहण्यात आणि 'जरा मोठी होऊ द्या' म्हणण्यात तिच्या वाणीचे न भरून येणारे नुकसान होते.

हा केवळ हळवेपणा नव्हे. १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या सहवासाला मुकलेल्या बालकांची स्थिती मांडली. पुढच्याच वर्षी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला, आणि इंग्लंडातील रुग्णालयांना आपले भेटीचे नियम हळूहळू बदलावे लागले. रुमानियातील अनाथालयांत २००० साली सुरू झालेल्या अभ्यासातही हेच दिसले की, दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुले पुढे अधिक सावरली. म्हणून रुग्णालयात आईबापांपैकी एकाने रात्रंदिवस मुलीजवळ राहावे. भूल उतरताना तिच्या डोळ्यांपुढे आपला चेहरा असावा, असे आधीच सांगून ठेवावे. घरीही एक पथ्य सांभाळावे. टाके पुसणे, औषध नाकातोंडात घालणे, असे नकोसे प्रकार शक्यतो तिच्या निजण्याच्या जागी करू नयेत. ती जागा निर्भय राहू द्यावी. शस्त्रक्रियेनंतर दोनतीन आठवडे पातळ अन्न, तोंडात बोटे वा खेळणे जाऊ न देणे, क्वचित कोपर वाकू नये म्हणून बांधलेल्या पट्ट्या, हे सारे येते. पट्ट्या बांधलेल्या मुलाला अधिक वेळ कडेवर घ्यावे लागते, एवढाच त्याचा अर्थ समजावा.

एका फसव्या लक्षणाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. नवे आलेले मूल पुष्कळदा फार शहाणे असते. रडत नाही, हट्ट करीत नाही, कोणाकडेही हसत जाते. पाहुणे कौतुक करतात. परंतु रडून कोणी येत नाही, हे कळलेले मूल रडणे सोडून देते. दीड-दोन महिन्यांनी हीच मुलगी तुम्ही खोलीबाहेर पडताच आकांत करू लागली आणि परक्याला पाहून तुमच्या खांद्यात तोंड लपवू लागली, तर तिचा स्वभाव बिघडला असे समजू नका. डॉक्टरांच्या दृष्टीने ती बरी होऊ लागली आहे.

नातेवाइकांच्या बोलण्याला काय उत्तर द्यावे? 'हिच्या आईने ग्रहणात भाजी चिरली असेल', हे वाक्य कोणीतरी हमखास उच्चारील. ग्रहणाचा ह्या व्यंगाशी काडीचाही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत ओठ आणि टाळू यांचे भाग जुळावयाचे राहतात. त्यामागे आनुवंशिक कारणे असतात, काही औषधे असतात, तंबाखूसारखी व्यसने असतात, पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. न पाहिलेल्या त्या जन्मदात्रीला दोष देणे घरात चालू दिले, तर उद्या तेच वाक्य मुलीच्या कानी पडेल. तसेच डॉक्टरांनी 'घराण्यात कोणाला काही?' असे विचारले की ओशाळे होऊ नये. 'मूल दत्तक आहे, माहिती नाही,' एवढे सांगावे आणि ते कागदावर लिहावयास लावावे. अंदाजाने काही सांगणे धोक्याचे असते.

टाळू शिवली म्हणजे अर्धे काम झाले. टाळूचे स्नायू दुबळे असल्यामुळे मधल्या कानात पाणी साचते आणि ऐकू कमी येते. म्हणून कानांची तपासणी वरचेवर हवी. हवा नाकातून निसटत असल्याने ओठांचे वर्ण नीट फुटत नाहीत. मूल 'बाबा' म्हणते आणि ऐकू येते 'मामा'. अशा वेळी हसू नये, दहादा म्हणावयासही लावू नये. आपण स्वच्छ 'बाबा' म्हणून पुढे जावे आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे नियमाने न्यावे. पुढे साधारण आठ ते अकरा वर्षांच्या वयात हिरडीत हाड बसविण्याची शस्त्रक्रिया आणि दात सरळ करण्याचे उपचार लागू शकतात. खर्चाची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ह्या व्यंगाचा समावेश आहे, आणि स्माईल ट्रेन ह्या संस्थेच्या साहाय्याने देशातील अनेक रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. नियमांप्रमाणे संस्थेने दोन वर्षे दर सहा महिन्यांनी विचारपूस करावयाची असते. तिला परीक्षा न मानता आपल्या अडचणी मोकळेपणी सांगाव्या.

त्या अडचणींत एक अशी असते की जी कोणी बोलून दाखवीत नाही. रात्रीच्या चौथ्या पाजण्याला, अंगावर दूध सांडलेले असताना, आईच्या मनात येते की ह्या मुलीविषयी आपल्याला प्रेम कसे वाटत नाही? पोटच्या मुलाविषयीही असे अनेक आयांना वाटते; येथे त्यात अपराधाची भर पडते, कारण आपण तिला मागून आणले आहे. अशा वेळी रात्रीची एक पाळी वडिलांनी पत्करावी, आणि उदासी दोन आठवड्यांत हटली नाही तर डॉक्टरांना सांगावे.

शेवटची गोष्ट छायाचित्रांची. ओठ शिवल्यावर आधीची छायाचित्रे फाडून टाकण्याची घरात फार घाई होते. तसे करू नये. ही मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की आरशात ओठावरची रेघ पाहील आणि दोन प्रश्न एकत्रच विचारील: ही रेघ कशाची, आणि मी कोठून आले? तोवर दत्तकाची गोष्ट तिला ठाऊक असावीच. त्या वेळी संस्थेतील ते छायाचित्र, बोंडल्याने दूध पाजणाऱ्या आयेचे नाव आणि पहिल्या वर्षाच्या वजनांचा तो कागद, हे सारे एका पेटीत सापडले पाहिजे.