शहरातील लहान मालवाहू गाडीची निवड

दूरच्या प्रदेशातून माल घेऊन आलेला मोठा ट्रक दिल्लीच्या आझादपूर किंवा चेन्नईच्या कोयंबेडूसारख्या घाऊक बाजारात रिकामा होतो. तेथून गल्लीतील दुकानापर्यंतचे पाच-दहा किलोमीटर अंतर त्याला परवडत नाही. पुष्कळदा तेथे त्याला वळणेही शक्य नसते. हे काम पूर्वी हातगाडी, बैलगाडी आणि पुढे तीनचाकी टेम्पो करीत. ‘टेम्पो’ हे मुळात एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे व्यापारनाम होय. त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ साली पुण्याच्या फिरोदियांनी भारतात या गाड्यांचा उद्योग सुरू केला आणि ते नाव सर्वच लहान मालगाड्यांना चिकटले.

तीनचाकी गाडीचा आधार त्रिकोणी असल्यामुळे उंच भरलेली गाडी वळणावर कलंडण्याचा धोका अधिक असतो. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एस या गाडीने तेवढ्याच रुंदीच्या गल्लीत चार चाके आणली. दोन सिलिंडरांचे, सुमारे ७०० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन भारक्षमता असलेल्या या गाडीला लोकांनी लवकरच ‘छोटा हत्ती’ म्हणावयास सुरुवात केली. पुढे इतर कारखान्यांनीही याच वर्गातील गाड्या काढल्या.

अशी गाडी घेणारा बहुधा स्वतःच तिचा चालक असतो आणि ती कर्जाने घेतलेली असते. साहजिकच तो प्रथम किंमत पाहतो. वस्तुतः त्याने प्रथम एका फेरीत किती वजन न्यावयाचे, हे ठरविले पाहिजे. नोंदणीपत्रात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दोहोंतील फरकातच माल, हमाल आणि हौद्यावर मागाहून बसविलेला लोखंडी सांगाडा हे सर्व बसवावे लागते. पाऊण टनात ५० किलोची कांद्याची १५ पोती जातात, सोळावे नव्हे. याउलट गाद्या किंवा थर्मोकोल वाहणाऱ्याचा हौदा वजनाच्या कितीतरी आधी भरतो. त्याने हौद्याची लांबी-रुंदी मोजून घ्यावी; मोठ्या इंजिनासाठी जादा पैसे मोजण्याचे त्याला कारण नाही.

‘दीड टनही सहज ओढते’ ही दलालाची शिफारस खोटी नसते, म्हणूनच ती घातक ठरते. इंजिन ओढते, पण ब्रेकची शक्ती मर्यादित असल्याने वजन वाढेल जवळजवळ त्याच प्रमाणात गाडी थांबण्याचे अंतरही वाढते. मागचे पाटे दबतात, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूला गाडी नीट दाद देत नाही. टायर लवकर झिजतात. जादा फेरीचे वाचलेले पैसे असे परत जातात. रोज एक टन माल असेल, तर मोठी गाडी घ्यावी किंवा दोन फेऱ्या कराव्यात.

इंधनाचा विचारही वजनापासून वेगळा नाही. सीएनजीची टाकी डिझेलच्या टाकीपेक्षा बरीच जड असते. शिवाय पंपावरील रांगेत गेलेला वेळ कमाईतून वजा होतो. टाटा एसची २०२२ मधील विद्युत आवृत्ती ६०० किलो भार नेणारी होती. ठरलेल्या मार्गावर फिरून रात्री एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीला वीज उत्तम. मिळेल त्या दिशेचे भाडे घेणाऱ्याने मात्र पल्ल्याचा हिशेब आधी करावा.

भरलेल्या गाडीचे कमाल वजन ३,००० किलोंपर्यंत असल्यास मोटार वाहन कायद्यानुसार परवाना लागत नाही. योग्यता प्रमाणपत्र मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. त्या दिवसांची बुडालेली कमाई हप्त्याच्या हिशेबात धरावी.

जुनी गाडी घेताना रंगावर जाऊ नये. चालकाच्या केबिनच्या लगेच मागे, खाली वाकून सांगाड्याच्या दोन्ही मुख्य पट्ट्या पाहाव्यात. तेथे वेल्डिंगचा जोड किंवा नव्याने फासलेला काळा रंग दिसला, तर गाडीने बहुधा दीड टनच वाहिला आहे असे समजावे. नंतर हौदा भरून ती एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबवावी आणि पुन्हा हलवून पाहावी.