तापीकाठचा धूप

मराठी वाचकाला सुरत म्हटलं की १६६४ची लूट आठवते आणि आपलं कुतूहल बहुधा तिथेच थांबतं. पण त्या श्रीमंत शहराचं खोल पाण्यातलं बंदर शहरात नव्हतंच. तापीच्या गाळामुळे मोठी जहाजं वर जाऊ शकत नसत. ती मुखाबाहेर, हजीऱ्याजवळच्या सुवालीला नांगर टाकत. १६१२च्या नोव्हेंबरात टॉमस बेस्टची इंग्रजी जहाजं पोर्तुगीजांशी लढली ती याच पाण्यात. सुरतेच्या व्यापाऱ्यांचं कापड येमेनच्या मोखाला जाई; परतीच्या मालात कॉफीबरोबर हिराबोळ आणि अरबी धूप असे. सुमात्रातल्या अचेशीही गुजराती व्यापाऱ्यांची जुनी ये-जा होती, आणि लोबान तिकडचा. तिन्हीसांजेला घरात फिरवलेल्या धुपाटण्याला आपण ‘अस्सल देशी’ म्हणतो. त्यातला बराच ऐवज समुद्रावरून आलेला आहे.

हे वास एकजात नाहीत. गोवरीच्या निखाऱ्यावर लोबानाचा खडा टाका. आधी तडतडतो, मग कडा मऊ पडतात, फेस येतो आणि दाट पांढरा धूर उठतो. बेंझोइक आम्लाची झणझण नाकात शिरते, मागून व्हॅनिलासारखा गोडवा येतो. अरबी धुपाची सुरुवात लिंबाच्या सालीसारखी तरतरीत. ती हलकी द्रव्यं उडाली की कोरडा, गंभीर वास मागे राहतो. गुग्गुळ कडवट, थोडा मातकट. निखाऱ्यावर राखेचा पातळ थर हवाच, नाहीतर राळ करपते आणि डोळे चुरचुरतात.

राळेतली जड द्रव्यं सावकाश उडतात. म्हणून अत्तरवाले त्यांना तळाशी ठेवतात आणि असली अत्तरं संध्याकाळची मानली जातात. पॅरिसच्या गेर्लँ घराण्याचं १९२५चं ‘शालिमार’ याच जातीचं: वर बर्गमॉटचा ताजेपणा, खाली व्हॅनिला आणि राळा. नाव मात्र मुघल बागेचं!

आता तापीच्या उलट दिशेने चला. मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटरच्या या नदीच्या काठाशी सातपुडा आहे, आणि मेळघाटापासून यावलपर्यंतच्या त्याच्या कोरड्या उतारांवर सालई उभी आहे. ही अरबी धुपाच्या झाडाची सख्खी बहीण. खोडावरची साल पातळ तासली की डिंक पाझरतो. तो टोपलीत ठेवून त्यातलं पातळ तेल निथळू देतात. प्राच्यविद्यापंडित कोलब्रुकने १८०७ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्राचीनांचा धूप याच झाडाचा, असं मांडलं. पुढे मुंबईचे डॉक्टर जॉर्ज बर्डवुड, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीतले, यांनी १८७०मध्ये या कुळाची नीट फोड केली. तेव्हा सोमाली किनाऱ्यावरचा धूप एडनमार्गे मुंबईत येऊन मग युरोपला जात होता.

म्हणजे एकाच नदीच्या उगमाकडे सालई आणि मुखाशी परदेशी धुपाचा उतारा. अशी जोडी लाभूनही आपण करतो काय? सालईचा बराच डिंक सांधेदुखीच्या गोळ्यांत जातो, आणि देवघरात जळते ती कोळशाच्या भुकटीवर कृत्रिम सुगंध शिंपडलेली काडी. दुकानात ‘ऊद’ लिहिलेली महागडी बाटली दिसली की मात्र आपण भारावतो. मला हा उफराटा व्यवहार वाटतो.

धूप जिथे उतरे त्या हजीऱ्याला आज पोलादाचा कारखाना, खताचा कारखाना आणि बंदर आहे. २००५पासून तिथे द्रवरूप नैसर्गिक वायूही उतरतो. त्याला मुळात वासच नसतो. गळती कळावी म्हणून शहरात पुरवताना त्यात मुद्दाम वास मिसळतात.

आणि वर सातपुड्यात? खोल घाव घालून डिंक ओरबाडला की सालई मरते. गुग्गुळाची तीच गत झाली आहे. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. तेव्हा या दिवाळीत धूप घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: यात राळ कोणती, आणि ती कुठून आली? उत्तर मिळालं नाही तर ते पाकीट परत ठेवा.